गिअरच्या दांड्याची थरथर नेमकी कुठून येत होती

मी साताऱ्यात राहते आणि कोरेगावात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर माझी गाडी त्या एकाच रस्त्यावर धावते. गेल्या ऊसतोडीच्या हंगामात, डिसेंबरच्या मध्याला, क्षेत्र माहुलीचा कृष्णेवरचा पूल ओलांडून दोन भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये जात असताना डाव्या तळहाताला एक बारीक झिणझिण जाणवली. रस्ता खराब असेल असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले. संध्याकाळी परत येताना चांगल्या डांबरी पट्ट्यावरही ती पुन्हा आली, आणि घराखाली येऊन गाडी न्यूट्रलमध्ये उभी केली तेव्हा गिअरचा दांडा डोळ्यांना दिसेल इतका थरथरत होता.

गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची लहान हॅचबॅक आहे. ती तोपर्यंत ९२ हजार किलोमीटर चालली होती आणि क्लच प्लेट ७० हजारांच्या सुमारास बदललेली होती. चालवताना डावा हात गिअरवर ठेवून देण्याची सवय मला होती, म्हणून हा कंप इतक्या लवकर कळला, हे खरे. पण ती सवय चांगली नाही, हे इथेच सांगायला हवे. हाताचे वजन दांड्यावाटे आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कपर्यंत पोहोचते आणि तो फोर्क फिरत्या भागावर सतत घासत राहतो. आता मी गिअर बदलला की हात लगेच स्टिअरिंगवर नेते.

पहिला खर्च मी घाईत केला. कंप म्हणजे चाक, अशी समजूत माझ्याही मनात होती, म्हणून हायवेलगतच्या एका टायरच्या दुकानात चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतले. स्टिअरिंग थोडे हलके झाले, पण गिअरच्या दांड्यात काहीही फरक पडला नाही. त्यानंतर एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने इंजिन चालू असताना दांड्यावर हात ठेवला आणि गिअरबॉक्स उतरवून बेअरिंगे बदलावी लागतील, साधारण सोळा हजारांचा खर्च येईल, असे सांगितले. बेअरिंग गेल्याची खूण कोणती, असे मी विचारले, तेव्हा गिअर हलतोय म्हणजे गिअरबॉक्सच, एवढेच उत्तर मिळाले. मला ते पटले नाही. मुलांनी प्रयोगवहीत असा निष्कर्ष लिहिला असता, तर निरीक्षणे कुठे आहेत, असे मी नक्की विचारले असते. ती निरीक्षणे आधी आपणच घ्यावीत, असे ठरवून मी गाडी घेऊन परत आले.

त्यासाठी दांडा कशाकशाला जोडलेला असतो, हे नीट समजून घ्यावे लागले. जुन्या जीपसारख्या, इंजिन लांबीत बसवलेल्या आणि मागची चाके फिरवणाऱ्या अनेक गाड्यांत गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या झाकणातून वर आलेला असतो. गिअरबॉक्स हलला की दांडाही हलणारच, आणि थोडी थरथर त्या रचनेतच असते. माझ्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले आहे, त्याच्या बाजूला गिअरबॉक्स आहे आणि पुढची चाके फिरतात. दांडा गाडीच्या तळपत्र्यावर बसवलेल्या एका साच्यात उभा असतो आणि तिथून दोन केबल पुढे गिअरबॉक्सपर्यंत जातात. एक केबल दांड्याची डावी-उजवी हालचाल नेते, तर दुसरी पुढची-मागची. म्हणजे अशा गाडीत दांड्यापर्यंत कंप पोहोचायला दोनच वाटा आहेत: एक केबलमधून आणि दुसरी तळपत्र्यातून. शिवाय याच तळपत्र्याच्या खालून, मधल्या उंचवट्याच्या पोकळीतून, सायलेन्सरचा पाइप मागे जातो. ही शेवटची गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटली नव्हती.

पहिला प्रश्न मी असा ठरवला की, कंप इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर. एका रविवारी सकाळी साडेसहाला भाच्याला शेजारी बसवून, त्याच्या हातात वही देऊन, मी कोरेगाव रस्त्याला निघाले. त्या वेळी रस्ता बराच मोकळा असतो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये हळूहळू वेग वाढवत न्यायचा, झिणझिण सुरू झाली की मी सांगायचे आणि त्याने वेग आणि फेऱ्यांचा काटा दोन्ही लिहायचे, असे तीन-तीनदा केले. दुसऱ्या गिअरमध्ये झिणझिण ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास आली, तिसऱ्यात ५२ च्या आणि चौथ्यात ७० च्या जरा आधी. वेग तिन्ही वेळा वेगळा होता, पण फेऱ्यांचा काटा दर वेळी मिनिटाला २,६०० ते २,८०० च्या मध्येच होता. चाकाचा दोष असता तर तो गिअर कोणताही असला तरी एका ठरावीक वेगालाच दिसला असता.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी केली. मागेपुढे कोणी नाही हे पाहून, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सत्तरच्या वेगाला क्लच पूर्ण दाबला आणि अॅक्सिलरेटर सोडला. इंजिनाचे फेरे खाली आले आणि झिणझिण त्याच क्षणी थांबली, गाडी मात्र सत्तरनेच चालली होती. चाके, टायर, चाकांपर्यंत जाणारे शाफ्ट हे सगळे तेव्हा त्याच गतीने फिरत होते, म्हणजे त्यांची यातून सुटका झाली. ही चाचणी घाटात किंवा उतारावर कोणीही करू नये. इंजिनाचा अटकाव सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

दुसरा प्रश्न गिअरबॉक्सचा होता, आणि त्याचे उत्तर उभ्या गाडीत मिळाले. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि क्लच सोडलेला असतो तेव्हा गिअरबॉक्समध्ये जाणारा पहिला शाफ्ट फिरत असतो. क्लच दाबला की तो थांबतो. त्या शाफ्टचे बेअरिंग गेले असेल तर क्लच दाबताच घरघर थांबते. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, संशय घ्यावा. मी वीस-पंचवीस वेळा क्लच दाबून सोडून पाहिला, आवाज आणि थरथर यांत काडीचाही फरक पडला नाही. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा तोल गेलेला असणे मात्र या चाचणीने वगळता येत नाही, कारण ती क्लच दाबला तरी इंजिनाबरोबर फिरतच राहते. पण तोल गेलेली वस्तू फेरे वाढतील तशी अधिकाधिक हादरते. एका लहान पट्ट्यात हादरून पुढे शांत होणे हे तिचे लक्षण नव्हे. माझ्या गाडीत ३,००० फेऱ्यांच्या पुढे सगळे शांत होत होते.

इथवर मी एकाच कंपाचा पाठलाग करत आहे, असे मला वाटत होते. वही पुन्हा वाचताना लक्षात आले की भाच्याने दोन वेगळे शब्द लिहिले आहेत. चालत्या गाडीतल्या नोंदींपुढे ‘झिणझिण’ आणि उभ्या गाडीतल्या नोंदींपुढे ‘धडधड’. त्याने ते सहज लिहिले होते, पण त्या दोन शब्दांनी माझे काम निम्म्याने सोपे केले. मग मी गाडी पुन्हा चालू करून फक्त हाताने तपासणी केली. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर शांत चालत असताना दांड्याचा गोळा हातात धरला, मग हात बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावर ठेवला, मग हँडब्रेकवर. धडधड फक्त दांड्यात होती. एसी लावला, इंजिनावर भार आला, तशी ती वाढली. अॅक्सिलरेटर झटकन दाबून सोडला तर दांडा पुढे-मागे जवळजवळ एक सेंटिमीटर सरकत होता. फेरे २,७०० वर नेऊन धरले तेव्हा मंद का होईना, झिणझिण उभ्या गाडीतही आली, आणि ती दांडा, प्लास्टिकचे आवरण, हँडब्रेक, इतकेच काय, पायाखालच्या पत्र्यातही होती. म्हणजे धडधड केबलमधून येत होती आणि झिणझिण तळपत्र्यातून. दोष दोन असण्याची शक्यता मी तेव्हा प्रथम वहीत लिहिली.

तीन सिलिंडरच्या इंजिनाबद्दल थोडे सांगायला हवे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून तीन सिलिंडरमध्ये एका फेऱ्याला दीड धक्का पडतो. मिनिटाला ८०० फेरे म्हणजे सेकंदाला तेरा-सव्वातेरा, आणि धक्के सेकंदाला वीस. इतके संथ धक्के हाताला जवळजवळ सुटे सुटे कळतात. त्यात या इंजिनाला दोन टोकांवर डोलण्याची जात्याच सवय असते, म्हणून त्याला धरून ठेवणारी रबरे मुद्दाम मऊ घेतात. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असता, म्हणजे नीट पेटत नसता, तर याहूनही संथ, सेकंदाला सहा-सात वेळा येणारा, लंगडा धक्का जाणवला असता. तसा तो नव्हता, तरीही प्लग काढून पाहिले. तिन्ही सारखे तपकिरी, म्हणजे ठीक होते.

आता मात्र गाडीच्या खाली जायची गरज होती. जुन्या एमआयडीसीत एक लहान गॅरेज आहे, एक खड्डा, एक मदतनीस आणि साठीकडे झुकलेले एक मिस्त्री. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, याचे मला फार बरे वाटले. मग त्यांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, बॉनेट उघडले, मला हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही घट्ट धरायला सांगितले आणि स्वतः गाडीच्या बाजूला उभे राहिले. या चाचणीत गाडीसमोर कोणीही उभे राहायचे नसते. पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडून इंजिनावर ताण आणायचा, पुन्हा दाबायचा, मग तेच रिव्हर्समध्ये करायचे. मला सीटवरूनही दिसले की इंजिन एकदा मागे आणि एकदा पुढे चांगलेच कलंडत आहे.

“ताई, खालचं फौंडेशन फाटलंय,” ते म्हणाले. “वरची दोन धरून आहेत म्हणून इंजिन जागेवर आहे.”

गॅरेजमध्ये फौंडेशन म्हणतात ते इंजिनाचे माउंटिंग. माझ्या गाडीत अशी तीन आहेत. उजवीकडचे इंजिनाचे वजन पेलते, डावीकडचे गिअरबॉक्सचे. तिसरे खाली, मागच्या बाजूला असते, त्याला टॉर्क रॉड म्हणतात. ते वजन उचलत नाही, चाकांना ताकद देताना इंजिन उलट्या दिशेने कलंडू पाहते ते कलंडणे तेवढे अडवते. खड्ड्यात उतरून मिस्त्रींनी टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, तो रॉड हलवला आणि विजेरीच्या उजेडात मला दाखवला. रबराला आरपार चीर होती आणि आतली लोखंडी नळी बाहेरच्या कड्याला टेकत होती. रबर संपल्यावर लोखंडाला लोखंड लागते आणि इंजिनाचा प्रत्येक धक्का सरळ पुढे जातो. इंजिन कलंडले की गिअरबॉक्सही कलंडतो, केबल ओढली जाते आणि दांडा हलतो. एक सेंटिमीटरचे कोडे तिथे सुटले. त्यांनी इतर दोन माउंटिंगही टॉमीने उचलून पाहिली, ती ठीक होती. गिअरबॉक्सचा ऑइलचा बोल्ट काढून बोट घालून पाहिले, ऑइल भोकाच्या कडेपर्यंत होते आणि बोटाला लोखंडाचा कीस लागला नाही.

नवा टॉर्क रॉड साडेअकराशे रुपयांना मिळाला. दुकानदाराने कडक रबराचा, जास्त टिकणारा एक प्रकारही दाखवला होता, पण मिस्त्रींनी तो घेऊ दिला नाही, आणि त्यांचे बरोबर होते. कडक रबर इंजिन घट्ट धरते हे खरे, पण त्याच घट्टपणामुळे बारीक कंप अडवण्याऐवजी पुढे पाठवते. तीन सिलिंडरच्या गाडीत त्याचा त्रास लगेच कळतो. बसवताना त्यांनी आधी बोल्ट नुसते हातघट्ट केले, इंजिन चालू करून थोडे हलू दिले, आपल्या जागी स्थिर होऊ दिले आणि मगच पान्याने शेवटचे आवळले. इंजिन तिरपे असताना बोल्ट आवळले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हे काम पाऊण तासाचे होते. त्यातली दहा मिनिटे या शेवटच्या आवळण्यात गेली, आणि ती वाचवण्यासारखी नाहीत.

धडधड गेली. दांडा आता न्यूट्रलमध्ये जवळजवळ स्थिर होता, क्लच सोडून गाडी निघताना बसणारा बारीक ठोकाही गेला. तो ठोका कित्येक महिने बसत होता, हे तो बंद झाल्यावर मला कळले. पण दुसऱ्या दिवशी कोरेगावला जाताना, २,७०० च्या आसपास, झिणझिण होतीच. आधीपेक्षा कमी, आधीपेक्षा अरुंद पट्ट्यात, पण होती. इथे थांबून नवीन रबर बसायला वेळ लागतो असे मानणे सोपे होते. वहीत मात्र स्पष्ट लिहिले होते की झिणझिण तळपत्र्यातून येते, आणि तळपत्र्याच्या वाटेवर आम्ही अजून काहीच केले नव्हते. मी मिस्त्रींना फोन करून तसे सांगितले. त्यांनी शनिवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, दहा मिनिटांपेक्षा जास्त न चालवता गाडी आणायला सांगितली. सायलेन्सरला हात लावून तपासायचे असेल तर तो गरम असून चालत नाही.

खड्ड्यात उभे राहून त्यांनी पाइप मुठीने डावीकडे, उजवीकडे, वर असा ढकलला. वर ढकलताच बारीक आवाज आला, पत्र्यावर नखे वाजवल्यासारखा. पाइप टांगून ठेवणाऱ्या रबरी कड्यांपैकी मधले एक तुटले होते, पाइप एका बाजूला झुकला होता आणि त्याच्यावर, तळपत्र्याला उष्णता लागू नये म्हणून बसवलेल्या पातळ पत्र्याला तो एका ठिकाणी लागत होता. गंजलेल्या पत्र्यावर तेवढाच, बोटाच्या पेरभर भाग घासून चकचकीत झाला होता. तो ठिपका गिअरच्या दांड्याच्या बरोबर खाली होता.

एकाच पट्ट्यात झिणझिण का, याचेही उत्तर त्यात आहे. २,७०० फेऱ्यांना धक्के सेकंदाला ६७ च्या आसपास पडतात. घरात मिक्सर ठरावीक वेगाला आला की शेजारच्या मांडणीवरचे एकच ताट वाजू लागते आणि वेग बदलला की गप्प होते; त्या ताटाची स्वतःची कंपनसंख्या त्या वेगाशी जुळलेली असते. झुकलेला पाइप आणि त्याला टेकलेला पत्रा यांची जोडी अशीच त्या फेऱ्यांना जुळत होती. चढाला किंवा जोर दिल्यावर झिणझिण वाढायची, कारण फाटलेल्या टॉर्क रॉडमुळे इंजिन कलंडले की त्याला जोडलेला पाइप अधिक ओढला जाऊन पत्र्यावर दाबला जायचा. नवा रॉड बसल्यावर ते दाबणे कमी झाले, म्हणून पट्टा अरुंद झाला. मिस्त्रींचे मत असे की आधी टॉर्क रॉड फाटला असेल आणि इंजिनाच्या रोजच्या हिसक्यांनी पाइपचे रबर तुटले असेल. मलाही हाच क्रम पटतो, कारण बाकीची रबरी कडी वयाच्या मानाने चांगली होती.

रबराच्या दोन कड्यांना मिळून एकशे साठ रुपये पडले. शेजारचे कडेही सोबतच बदलले. पत्रा हाताने दाबून सरळ केला आणि त्याचा एक सैल स्क्रू आवळला. दोन्ही खेपांची मजुरी मिस्त्रींनी साडेपाचशे घेतली. मी जास्त देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

त्या संध्याकाळी भाचा, त्याची आई आणि मी असे तिघे यवतेश्वरच्या घाटात गेलो. घाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पूर्ण भार असताना, मी २,७०० चा काटा तीन वेळा ओलांडला. भाचा या वेळी मागे बसून तळहात मधल्या उंचवट्यावर टेकवून होता. वहीत त्याने तिन्ही वेळा शून्य लिहिले. सोमवारी कोरेगावला जाताना तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या नोंदीही मी त्याच तक्त्यात भरल्या, त्याच पुलाच्या पलीकडच्या त्याच पट्ट्यावर.

८०० फेऱ्यांवर एसी लावला की दांड्याच्या गोळ्यात अजूनही अगदी हलका कंप येतो. तीन सिलिंडरच्या इंजिनाचा तेवढा कंप राहतोच, आणि तो मी तारीख आणि किलोमीटरसह वेगळ्या ओळीत नोंदवला आहे. पुढे कधी शंका आली तर चांगल्या स्थितीतला कंप केवढा होता, हे त्या ओळीवरून पाहता येईल.